लाजऱ्याची बहीण

मार्थाआक्का आपल्याला टोमणा मारत नाही असं ज्याच्या ध्यानात आलं, त्यानं समजून जावं की काहीतरी बिनसलंय. हे मला तिच्या शेजारी राहून कळलं. तिची माया टोमण्यातून यायची. गोड बोलायची ती फक्त परक्यांशी, आजाऱ्यांशी आणि सरकारी माणसांशी.

आमच्या दोघींची घरं भिंतीला भिंत लागून होती. शिवाय जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी आम्ही दोघीच शिजवायचो, त्यामुळे दिवसभर तिचा आवाज माझ्या कानात असायचा. एकदा माझ्या हातून खिचडीत दोनदा मीठ पडलं. तेव्हापासून मी तिची 'खारीबाई' झाले. "या खारीबाई, चूल कवाची वाट बघून राह्यली," असं ती भर अंगणात ओरडायची. मी कमी बोलणारी. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तिला त्याचं काही नव्हतं. म्हणायची, "तू नगं बोलू. माझं संपलं की तुझा नंबर." माझा नंबर काही आला नाही. ती गेली त्याला आता दुसरा उन्हाळा लागला. शाळा चौथीपर्यंतच झाली माझी, पण तिच्याबद्दल कुणाशी बोलण्यापेक्षा लिहिणं मला बरं वाटतं.

ती उंच होती, हाडापेरानं मजबूत. पदर कमरेला खोचलेला, आणि पायात गड्याच्या चपला. नवरा वारल्यावर तिनं त्याच्याच चपला वापरायला काढल्या होत्या. कुणी काही म्हटलं तर म्हणायची, "माणूस गेला, चपला चांगल्या व्हत्या." त्या चपलांचा फटक फटक आवाज आला की शाळेतली पोरं आपसूक ओळीत बसायची.

आमची वस्ती माजलगावच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला. वस्तीतली बरीच घरं ख्रिस्ती. पत्र्याचं चर्च आहे. तिथं दर रविवारी आक्का उभी राहून प्रार्थना करायची, आणि ती प्रार्थना म्हणजे भांडण असायचं.

"देवा, मागच्या ऐतवारी तुला काय सांगितलं व्हतं? इसरलास का? तुझ्यामागं कामं लई हायत, ठाव हाय मला. मला बी हायत. तरी म्या येती का न्हाई हितं?"

शेवटचं आमेन ती दार आपटल्यासारखं म्हणायची. आमचे पाळकसाहेब वयानं लहान, नगरकडून आलेले, पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलणारे. त्यांनी एकदा तिला हळूच सांगितलं, "आक्का, प्रार्थनेत थोडी नम्रता असावी."

"साहेब, त्येला समजतं की," आक्का म्हणाली. "घरचं माणूस हाय."

तिचं घरचं माणूस खरं म्हणजे एकच होतं, तिचा धाकटा भाऊ शमुवेल. आई लवकर गेली, म्हणून तिनंच त्याला वाढवला. त्याचं लग्न झालं नव्हतं. तो बँडमध्ये गायचा. आवाज असा की वरात पुढं सरकेना. पांढरे बूट, मागं वळवलेले केस, आणि आंघोळ तर विचारू नका. त्यांची न्हाणी माझ्या भिंतीला लागून. बादलीवर बादली ओतायचा, वासाचा साबण लावायचा, वर गाणं म्हणायचा. आक्का बाहेरून ओरडायची, "आरं बाहीर ये! नवरदेव तू हायस का त्यो?" आतून तो उत्तर द्यायचा, "आक्का, तुजं बी लगीन लावून देतो, दम धर!" असं रोज चालायचं. वस्तीला त्याचं काही वाटायचं नाही, उलट एखाद्या सकाळी आवाज आला नाही तर बायका विचारायच्या, "कावून गं, आज भांडण न्हाई?"

मग एका थंडीत शमूचं तोंड वाकडं झालं. रात्रभर बँडच्या उघड्या गाडीवरून गार वाऱ्यात आला, आणि सकाळी तोंड धुताना चूळ एका बाजूनं खाली गळली. बीडच्या दवाखान्यात नेलं, औषधं झाली, मालिश झाली. हातपाय सगळे नीट राहिले, पण तोंडाची एक बाजू खाली आली ती तशीच राहिली. ओठ मिटेनात, म्हणून प, ब, म ही अक्षरं त्याच्या तोंडून निसटायला लागली. तरी तो एका लग्नात गायला गेला. तिथं पोरांनी मोबाईल काढले आणि हसत त्याचं शूटिंग केलं. तो अर्ध्या वरातीतून परत आला. त्यानंतर त्यानं दिवसाउजेडी उंबरा ओलांडला नाही. पहाटे अंधारात जायचा, तेवढंच. चर्चला नाही, बाजाराला नाही. माझ्यासारख्या भिंतीपलीकडच्या बाईलाही तो दिसला नाही, एक उन्हाळा गेला, पावसाळा गेला, तरी नाही.

आणि आक्का त्याच्याशी गोड बोलायला लागली.

"शमू, बाळा, दोन घास खाऊन घे. तुझ्या आवडीचं केलंय." भिंतीपलीकडून तिचा तो मऊ आवाज यायचा आणि माझ्या अंगावर काटा यायचा. मेलेल्याच्या घरात बोलतात तसा तो आवाज होता. शाळेत ती पहिल्यासारखीच होती, मला खारीबाई, हेडमास्तरला 'उशीरमास्तर' म्हणायची, पण घराच्या उंबऱ्यात शिरली की चपलासुद्धा आवाज न करता काढायची.

पाळकसाहेबांच्या मनात पिक्चरची कल्पना आली ती ह्याच काळात. एका रविवारी उपासना झाल्यावर ते म्हणाले, "हल्ली सगळे मोबाईलवरच पाहतात. या ईस्टरला आपण शुभवर्तमानातला एक चमत्कार पडद्यावर दाखवू. आपल्या मंडळीनेच काम करायचं. आसपासच्या चर्चच्या मंडळ्यांनाही पाठवू. कोणता चमत्कार घ्यावा?"

कोणीतरी म्हणालं, लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला तो.

"नगं साहेब," आक्का उठून म्हणाली. "आमच्या गड्यांना हुरूप येईल."

बायका पदरात हसल्या. गड्यांनी छताकडे पाहिलं. मग पाळकसाहेबांनी लाजराची गोष्ट काढली. लाजर हा मार्था आणि मरिया या दोन बहिणींचा भाऊ. तो मरतो, त्याला गुहेत ठेवून तोंडाशी धोंड लावतात, आणि प्रभू चौथ्या दिवशी येऊन हाक मारतो. पाळकसाहेबांनी ती हाक मोठ्यानं वाचली, "लाजरा, बाहेर ये!"

"ह्येच घ्या," आक्का म्हणाली. "बिचारा लाजत व्हता आत."

पाळकसाहेबांना कळेना. "कोण लाजत होता?"

"त्यो लाजरा. म्हणून तर प्रभूला हाक मारावी लागली. धोंड काढली तरी बाहीर येईना त्यो."

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आक्काच नाही, निम्मी वस्ती लहानपणापासून हेच समजून बसली आहे. मीसुद्धा त्यातलीच. आमच्याकडे लाजणाऱ्या पोराला लाजराच म्हणतात. आम्हाला वाटायचं की त्या मेलेल्या माणसाचा स्वभाव तसा होता आणि प्रभूला तो ठाऊक होता. पाळकसाहेबांनी समजावलं की त्याचं नावच लाजर, हाक मारताना त्याचं लाजरा होतं, अर्थ काही नाही.

"मंग हाक मारल्यावर लाजराच झाला की!" आक्का म्हणाली. ती खाली बसली, आणि लगेच परत उठली. तिचा चेहरा वेगळाच झाला होता. "साहेब, मेलेल्या माणसाचं तोंड झाकल्यालं असतं ना?"

"हो. शास्त्रात तसंच आहे. हातपाय बांधलेले आणि तोंडाला रुमाल गुंडाळलेला."

"मंग लाजरा आमच्या घरात हाय."

मार्था कोण होणार हे विचारायचंच नव्हतं, तिचं नावच ते. मरियासाठी बाई शोधायची होती. मरिया प्रभूच्या पायाशी बसून ऐकायची आणि मार्था राबायची. आक्का म्हणाली, "आमच्या वस्तीत मरिया मिळायची न्हाई. समद्या मार्थाच. बसून ऐकायला येळ कुणाला?" शेवटी पाळकबाईच मरिया झाल्या.

त्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. आक्का मऊ आवाजात सांगत होती की बोलायचं काही नाही, तोंड झाकलेलं असतंय, कुणाला दिसणार नाही, नुसतं बाहीर यायचं. शमूनं ताट बाजूला सरकवल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "सोडायचं न्हाई."

"काय?"

"तोंडाचं फडकं. त्या गोष्टीत शेवटी सोडा म्हणतो प्रभू. म्हणू दे. सोडायचं न्हाई."

"न्हाई सोडणार. माझा सबुद हाय."

तिनं पाळकसाहेबांकडून कबूल करून घेतलं की लाजर गुहेच्या तोंडाशी आला की पिक्चर तिथंच संपवायचा. पिक्चर चांगला होतो की वाईट, ह्याचं तिला काहीच पडलं नव्हतं. शमूनं एकदा उजेडात, माणसांत पाय ठेवावा, एवढंच तिला पाहिजे होतं. आपल्या हयातीत. ती हे शाळेत चुलीसमोर बसून एकदाच बोलली, आणि लगेच म्हणाली, "धुराचं पाणी येतंय डोळ्यात. खारीबाई, फुंकर मार."

शूटिंगला सलीमभाई आला. त्याचं माजलगावात दुकान आहे, लग्नाची शूटिंग करतो, शमूच्या बँडबरोबर त्यानं कितीतरी वराती घेतल्या होत्या. त्याच्यापुढं पहिलाच प्रश्न उभा राहिला तो प्रभूचा. प्रभू कोण होणार यावरून मंडळीत दोन तट पडले होते. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांतल्या एकाला आपला जावई पाहिजे होता, दुसऱ्याला आपला मुलगा. सलीमभाईनं ते भांडण एका वाक्यात मिटवलं.

"आक्का, मी समदं घेतो. पर हजरत ईसाचं तोंड मी काढत न्हाई. आमच्यात पैगंबराचं तोंड दाखवत न्हाईत."

पाळकसाहेब म्हणाले, "पण सलीमभाई, प्रभूशिवाय चमत्कार कसा दिसायचा?"

"कॅमेरा तिथंच ठेवतो ना, जिथं ते उभे हैत. समदे कॅमेऱ्याकडं बघून बोला. आवाज तुमी द्या मागून."

मंडळीत कुरबूर झाली. प्रभूशिवाय प्रभूचा पिक्चर कसला! पण आक्काला ते एकदम पटलं. "बरोबर हाय त्येचं. आपुन तरी कुठं बघितलंय तोंड? बघितलं न्हाई तरी भांडतेच की मी."

ईस्टरच्या आधीचा रविवार म्हणजे पाम संडे, त्याच्या आदल्या दिवशी आम्ही टेंपोनं धारूरच्या डोंगराकडे निघालो. तिथं खडकात एक गुहा आहे, मेंढपाळ पावसात तिच्यात थांबतात. शमूनं अट घातली होती की घरूनच गुंडाळून न्यायचं. म्हणून पहाटे आक्कानं त्याला पांढऱ्या पट्ट्या बांधल्या, तोंडावर पातळ मलमल गुंडाळली, आणि तो टेंपोत कोपऱ्यात बसला. वाटेत चहाला थांबलो. टपरीवाल्यानं विचारलं, "ह्येंला काय झालंय?" टेंपोत हशा पिकला. एकटी आक्का हसली नाही. तिनं चहा निववला, मलमल खालून थोडी वर करून नळीनं त्याला पाजला आणि म्हणाली, "हळू पी बाळा, भाजंल." तो चहा अर्धाच पिऊन त्यानं तोंड फिरवलं.

गुहेसमोर ऊन चांगलं तापलं होतं. धोंड म्हणजे मंडपवाल्यानं बनवलेली थर्माकोलची, करड्या रंगाची. वाऱ्यानं ती सारखी घरंगळायची आणि पोरं तिच्यामागं धावायची. शमू आत जाऊन बसला. बायकांनी रडायचं होतं. मलाही त्यात बसवलं होतं, पदर तोंडावर ओढून, म्हणून बरं. आमच्या बायकांना रडायला शिकवावं लागत नाही. एकीनं सूर धरला की दुसरीला आपलं कोणीतरी गेलेलं आठवतं. इतकं खरं झालं की डोंगरावर शेळ्या चारणारा एक म्हातारा खाली उतरून आला. त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं.

"कोण गेलं वो बाई?"

"हिचा भाऊ," एक बाई रडता रडता म्हणाली.

"अरारा," म्हणून तो आमच्याजवळ बसला आणि डोळे पुसायला लागला. सलीमभाईनं हातानंच खूण केली, बसू द्या.

मग धोंड काढायची वेळ झाली. चार गडी कण्हत कुंथत त्या हलक्या धोंडेला लागले आणि ती बाजूला केली. पाळकसाहेबांनी कॅमेऱ्यामागून खणखणीत आवाजात हाक मारली.

"लाजरा, बाहेर ये!"

गुहेच्या तोंडाशी कोणी आलं नाही. त्यांनी परत हाक मारली. मग एक पंच आत वाकून बघून आला. "त्यो येत न्हाई म्हणतोय. समदी आपल्याकडंच बघतील म्हणतोय. घरी सोडा म्हणतोय."

सगळे आक्काकडे बघायला लागले. ती गप्प उभी आहे हे बघून मला भीती वाटली. पाळकसाहेब चांगले माणूस. ते जवळ येऊन म्हणाले, "आक्का, जबरदस्ती नको. कपडा गुंडाळल्यावर कोण आहे ते दिसतच नाही. दुसऱ्या कोणाला लाजर करू." त्या पंचाचा जावई तर शर्ट काढायलाही लागला.

आक्कानं गुहेकडे पाहिलं. मग चपला नीट पायात सरकवून म्हणाली, "साहेब, धोंड काढायच्या आधीचं माझं वाक्य ऱ्हायलंय. तेवढं घ्या आन् मंग काय करायचं ते करा."

ते वाक्य शास्त्रातलंच होतं. प्रभू धोंड काढा म्हणतो तेव्हा मार्था त्याला सांगते की आता नको, चार दिवस झाले, आत वास येत असेल. गड्यांनी धोंड परत तोंडाशी लावली. सलीमभाईनं कॅमेरा सुरू केला. आक्का कॅमेऱ्याकडे, म्हणजे प्रभूकडे बघून म्हणाली,

"नगा काढू धोंड. चार दिस झाल्यात. वास येत आसंल."

एवढंच होतं. पाळकसाहेब हाक मारायला पुढं झाले. पण आक्का थांबली नाही. तिनं कमरेवर हात ठेवले.

"आन् मेल्यावरचं सोडा. जित्ता व्हता तवाबी अंगाला पाणी लावत नव्हता ह्यो. आजवर कुणाला सांगितलं न्हाई म्या. अब्रूचा सवाल. पर तुमच्यापासून काय लपवायचं? म्हशी बऱ्या वो, त्या तरी डुंबत्यात!"

वस्तीतला सगळ्यात स्वच्छ माणूस तो. बायकांचं रडणं मध्येच थांबलं. मागून कोणीतरी फिसकन हसलं. गुहेतून आवाज आला, "ए आक्का!"

"सहा म्हयने त्येच्या डोस्क्याला पाणी न्हाई. बूट पांढरे घालायचा, आन् आत पाय कसे! बँडवाले त्येला गाडीवर का बसवत व्हते? वाऱ्याला बसवत व्हते!"

धोंड हलली. ती बाहेरून कोणी काढली नाही. आतून जोराचा धक्का बसला आणि ती थर्माकोलची धोंड उडून थेट त्या म्हाताऱ्याच्या शेळ्यांत गेली. पांढऱ्या पट्ट्या ओढत, उन्हानं डोळे मिटत, शमू बाहेर आला.

"रोज करत व्हतो! दोन टाईम! साबण लावून!"

साबण त्याच्या तोंडून 'साअण' असा आला, पण रागात होता, तो थांबला नाही. "लबाड बोलती ही! इच्यारा कुणालाबी!"

"इच्यारते की," आक्का म्हणाली. "खारीबाई, तुझ्या भिंतीला न्हाणी हाय त्येची. खरं सांग. करत व्हता का?"

सगळी माणसं माझ्याकडे वळली. कॅमेरासुद्धा वळला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "करत होते. लई वेळ."

मग जे हसू फुटलं ते डोंगरात घुमलं. पाळकसाहेब डोळे पुसत खाली बसले. शमूही हसत होता, एका बाजूनं. तेव्हा आम्हाला दिसलं की बोलता बोलता त्याची मलमल सुटून हनुवटीखाली आली आहे आणि त्याचं सगळं तोंड उघडं आहे. कधीपासून उघडं होतं ते कुणालाच सांगता आलं नसतं. आता त्यालाही ते समजलं. त्याचा हात वर गेला.

आक्का पुढं झाली. तिनं शब्द दिला होता. तिनं मलमलीचं टोक हातात घेतलं आणि नेहमीच्या आवाजात, त्या मऊ आवाजात नाही, विचारलं, "बांधू का?"

त्यानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे. उकडतंय."

शेळ्यांवाला म्हातारा तेवढ्यात उठून उभा राहिला होता. मुंडासं परत डोक्याला गुंडाळत तो रागानं म्हणाला, "ह्यो तर जित्ता हाय! मंग म्या कुणासाठी रडलो?"

परत येताना टेंपोत शमू मधोमध बसला होता. आक्का त्याला सारखी सरक म्हणत होती, कोपर मारतोस म्हणत होती. काही दिवसांनी तो मला भिंतीपलीकडून म्हणाला, "वैनी, आक्का गोड बोलाया लागली ना, तवाच म्या समजलो व्हतो, आता काय आपलं खरं न्हाई." आक्का आत होती. तिनं ऐकलं असणार. आतून भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला.

पाळकसाहेबांची मात्र झोप उडाली. शास्त्रात लाजर बाहेर येतो, पण एक शब्दही बोलत नाही. शास्त्रात नाही ते पडद्यावर कसं दाखवायचं?

"लिहिलं न्हाई म्हणून काय मुका व्हता का त्यो?" आक्का म्हणाली. "चार दिस आत बसून बाहीर आलेला माणूस बहिणीला कायतरी बोललाच आसंल. लिहिणाराला वाटलं आसंल, घरातलं भांडण हाय, कशाला लिहा."

पाळकसाहेबांनी मधला मार्ग काढला. शमू बाहेर येतो तिथून पुढचा आवाज काढून टाकला आणि त्यावर भजन लावलं. सलीमभाईला तिथं आकाशातून फुलं पाडायची होती, लग्नात पाडतो तशी, पण त्याला आवरलं.

ईस्टरच्या दुपारी चर्चच्या खिडक्यांना घोंगड्या लावून आम्ही तो पिक्चर बघितला. चकलांब्याकडची माणसंही आली होती. पडद्यावर धोंड उडाली, शमू बाहेर आला, त्याचे ओठ हलायला लागले आणि वरून भजन सुरू झालं. पण पुढं बसलेल्या पोरांना सगळं पाठ होतं. ती एका सुरात ओरडली, "रोज करत व्हतो! दोन टाईम! साअण लावून!"

त्याच्यासारखंच. साअण. सगळ्या माना मागं वळल्या. पोरांनाही काहीतरी चुकलं असं कळलं. शमू गड्यांच्या बाजूला शेवटी बसला होता. आक्का बायकांत होती, तिनं माझं मनगट घट्ट धरलं. आणि मागून, भजनाच्या वरताण, शमूचा मोठा आवाज आला, "साअण लावून!"

नंतर तो पिक्चर मोबाईलवर कुठं कुठं गेला. लांबच्या एका मंडळीनं पाळकसाहेबांना कळवलं की प्रभूचं तोंड न दाखवल्यामुळे आम्हीच तिथं उभे आहोत असं वाटलं. आणि चार दिवस मेलेल्या माणसाचा मेकअप फार छान जमला आहे, कोणी केला? शमूनं हे घरोघर जाऊन सांगितलं. आक्का म्हणाली, "देवानं केलाय म्हणावं. त्येचा पत्ता द्या त्येंला."

शमूचं तोंड काही सरळ झालं नाही. तेवढा चमत्कार झाला नाही. आक्का त्याबद्दल रविवारी देवाशी भांडायची. शमू बँडमध्ये परत गायला गेला नाही, पण सलीमभाईबरोबर शूटिंगला जायला लागला, आणि घरातलं सामान आणायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं.

आक्काला मी नीट, हिंडती फिरती अशी शेवटची पाहिली ती माजलगावच्या आठवडी बाजारात. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला ताप भरला. त्या दिवशी फळांच्या गाड्यापाशी शमू पुढं उभा होता आणि ती त्याच्या मागं, पिशवी घेऊन. त्याला खरबूज पाहिजे होतं, आणि त्या शब्दात त्याचं नेमकं अक्षर निसटत होतं. गाडीवाला अनोळखी होता. "क्या होना?" तो कान पुढं करून विचारत होता. शमूनं परत सांगितलं. गाडीवाल्यानं पपई उचलून दाखवली. शमूनं मान हलवली आणि आणखी एकदा, सावकाश, सांगितलं.

मी आक्काला हाक मारणार तेवढ्यात तिनं मला पाहिलं आणि डोळ्यांनीच दाबलं. जन्मभर सगळ्यांच्या आधी बोललेली ती बाई पदर दातांत धरून उभी होती. मान कांद्याच्या ढिगाकडे वळवलेली, पण कान पुढं. तिच्या गळ्याची शीर ताठ झालेली मला लांबून दिसत होती. एक शब्द तिनं टाकला असता तर काम झालं असतं.

"हां, खरबूज! ऐसा बोलो ना भाई," गाडीवाला म्हणाला. शमूनं दोन खरबुजं हातात घेऊन वास घेतला, भाव केला, आणि एक निवडलं. कच्चं होतं. मला तिथून दिसलं, तर तिला जवळून दिसलंच असणार. तिनं डोळे मिटून घेतले. मग उघडले, आणि पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी मोठं करून त्याच्यापुढं धरलं.